प्रश्न मेसच्या मावशींचा

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी ‘काहीतरी टेक्निकल, पण सगळ्यांना समजेल असं’ लिहून दे, असं आमच्या एडिटरने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विषय ऐकल्यावर मात्र तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “थांब, सरांना विचारतो.” सरांनी म्हणे चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “लिहू दे. पण नीट लिही म्हणावं.”

तर मित्रमैत्रिणींनो, आणि सर-मॅडम, मी नीट लिहायचा प्रयत्न करते आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. दुसरी कबुली म्हणजे शाळेत ‘रिप्रॉडक्शन’चा धडा आम्हाला कुणी शिकवलाच नाही. “रीड इट ॲट होम, गर्ल्स” एवढं म्हणून पान उलटलं गेलं. त्यामुळे या लेखातले निम्मे शब्द मी मराठीतच काय, कुठल्याही भाषेत पहिल्यांदा लिहिते आहे.

सुरुवात झाली एक डिसेंबरला. जागतिक एड्स दिन म्हणून लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये एका डॉक्टर मॅडमचं व्याख्यान ठेवलं होतं. हजेरी कंपल्सरी आणि नंतर समोसे, त्यामुळे गर्दी फुल्ल! मॅडम छान बोलल्या. संयम ठेवा, जोडीदाराशी एकनिष्ठ रहा, कंडोम वापरा, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “काही शंका?” आपण इंजिनिअरिंगची मुलं, शंका विचारत नाही हे जगजाहीर आहे. सगळीकडे शांतता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभ्या असलेल्या आमच्या मावशी म्हणाल्या, “बाई, पण ते आम्ही कुठं वापरतो? ते त्यांनी वापरायचं असतंय ना? त्यांनी नाय म्हटलं तर आम्ही काय करायचं?”

मेसमध्ये हशा पिकला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मावशी, प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर शोधताना मोठमोठ्या लोकांची दमछाक झाली आहे.” पुढे समोसे आले आणि विषय संपला.

माझा नाही संपला. त्या रात्री मी वाचायला बसले ती पुढचे दोन महिने वाचतच होते. (फोर्थ सेमच्या निकालावर त्याचा परिणाम दिसतो, पण ते जाऊ दे.)

मावशींचा हाच प्रश्न १९९० साली झेना स्टाईन यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये मांडला होता. या बाई मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साथरोगतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं. एड्सपासून वाचायचे जे उपाय आपण सांगतो, ते सगळे पुरुषाच्या मर्जीवर चालतात. बाईला स्वतः वापरता येईल असं काही का नाही? गर्भनिरोधनात बाईच्या हातात गोळी होती, तांबी होती. एचआयव्हीसाठी तिच्या हातात काहीच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ‘तसल्या’ बायकांपुरतं असेल. मलाही असंच वाटायचं. पण १९९७ साली ‘जामा’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला, तोही आपल्या पुण्यातला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी केली. त्यातल्या ज्या वेश्याव्यवसायात नव्हत्या, अशा बायकांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. म्हणजे साधारण सातात एक. त्यातल्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या होत्या. हा आकडा पुण्यातल्या सगळ्या बायकांचा नाही, दवाखान्यापर्यंत आलेल्यांचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पण ‘एकनिष्ठ रहा’ हा उपाय या बायका आधीपासूनच पाळत होत्या! पलीकडच्या माणसाने पाळला नाही, तर इकडच्या बाईला त्याचा काय उपयोग?

शरीराचा भागही आहेच. योनिमार्गाच्या आतल्या अस्तराचा पृष्ठभाग मोठा असतो, वीर्य आत बराच वेळ राहतं, बारीक ओरखडे दिसतही नाहीत, आणि एखादा गुप्तरोग आधीच असेल तर व्हायरसला दार उघडंच मिळतं. जगात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांपैकी २०२३ मध्ये ५३ टक्के बायका आणि मुली होत्या. हा आजार ‘पुरुषांचा’ म्हणून आपल्या डोक्यात बसला आहे, ते चुकीचं आहे.

बाईच्या हातात दिलेली पहिली वस्तू म्हणजे बायकांचा कंडोम. डेन्मार्कच्या लासे हेसेल या डॉक्टरांनी तो तयार केला आणि १९९३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दोन टोकांना दोन रिंगा आणि मध्ये पिशवी. पहिलं मॉडेल पॉलियुरेथेनचं होतं. महाग होतंच, शिवाय वापरताना आवाज यायचा. हसू नका! डिझाईनच्या दृष्टीने ही गंभीर त्रुटी आहे. नंतर नायट्राईलचं मॉडेल आलं. ते मऊ, स्वस्त आणि बिनआवाजाचं होतं, आणि भारतातही आलं. ज्यांना जोडीदाराशी बोलता येतं, त्यांना ते उपयोगी पडतं. पण बाहेरची रिंग बाहेरच दिसते. म्हणजे ते ‘त्याला’ माहीत नसताना वापरता येत नाही. मावशींच्या प्रश्नाला हे अर्धंच उत्तर झालं. शिवाय कंडोम कुठलाही असो, मूल हवं असेल तर काय करायचं? आपल्याकडे लग्नानंतर वर्षभरात ‘काही बातमी?’ सुरू होतं. त्या बाईने एकाच वेळी आई व्हायचं आणि व्हायरसपासूनही वाचायचं, हे कंडोमने कसं जमणार?

म्हणून शास्त्रज्ञ एका वेगळ्या कल्पनेमागे लागले: मायक्रोबिसाईड. एखादं जेल किंवा क्रीम, बाईने आधी आत लावायचं, व्हायरस तिथल्या तिथे मरेल, कुणाला कळणार नाही. कागदावर एकदम झकास!

पहिला उमेदवार आधीच बाजारात होता. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारणारं रसायन वर्षानुवर्षं गर्भनिरोधक म्हणून विकलं जात होतं. हे डिटर्जंटच्या जातीचं आहे, आणि परीक्षानळीत ते एचआयव्हीचं आवरण फोडून व्हायरस मारत होतं. मग आफ्रिकेतल्या आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांवर मोठी ट्रायल झाली. २००० साली दर्बानच्या एड्स परिषदेत निकाल आला आणि सगळे हादरले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं जेल वापरणाऱ्या ४५ जणींना लागण झाली होती आणि औषधाचं जेल वापरणाऱ्या ५९ जणींना. वाचवायचं सोडा, उलट जास्तच! डिटर्जंटला व्हायरसचं आवरण आणि बाईच्या आतल्या नाजूक पेशींचं आवरण यातला फरक कळत नाही. वारंवार वापरल्यावर अस्तर सोललं जात होतं आणि व्हायरसला वाट मिळत होती. बीकरमध्ये चालतं ते प्लांटमध्ये चालत नाही, असं आमचे एक सर नेहमी म्हणतात. हे वाचताना मला त्यांची आठवण झाली, पण या वेळी गंमत वाटली नाही. त्या ५९ जणी कुणाच्या तरी कोण होत्या.

पुढची काही वर्षं अशीच गेली. सेल्युलोज सल्फेट नावाच्या जेलची ट्रायल आफ्रिकेत आणि भारतातही दोन ठिकाणी सुरू होती. तिथेही जेलवाल्या बायकांमध्ये लागण जास्त दिसते आहे असं वाटल्यामुळे जानेवारी २००७ मध्ये ती थांबवली. समुद्री शेवाळापासून केलेलं कॅरागार्ड २००८ मध्ये बाद झालं. त्याने अपाय केला नाही, पण उपायही केला नाही.

या कथेत आपलं पुणेही आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तेव्हा ‘नारी’ या नावाने ओळखली जायची. इंग्रजी आद्याक्षरांतून योगायोगाने काय सुंदर नाव तयार झालं बघा! तिथे टेनोफोविर या औषधाच्या जेलची सुरक्षितता तपासणारी ट्रायल झाली. अमेरिकेतली दोन शहरं आणि पुणे मिळून २०० बायकांनी त्यात भाग घेतला, आणि जेल सुरक्षित आहे, बायका ते वापरू शकतात, असा निकाल फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीच्या मायक्रोबिसाईड परिषदेत सांगितला गेला. पुण्यातल्या त्या बायकांची नावं कुठेच छापलेली नाहीत आणि छापायचीही नसतात. पण पुढे जे झालं त्यात त्यांचा वाटा आहे.

टेनोफोविर जेलमध्ये मूळ विचारच बदलला होता. व्हायरसला मारायचं नाही, त्याला काम करू द्यायचं नाही. एचआयव्ही पेशीत शिरल्यावर स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो, मगच त्याला मुक्काम ठोकता येतो. टेनोफोविर त्या प्रत काढणाऱ्या एन्झाइमला मध्येच अडकवतं. एचआयव्ही झालेल्या लोकांच्या उपचारात हे औषध आधीपासून होतंच. प्रश्न एवढाच होता की आधीच लावून ठेवलं तर लागण टळेल का?

जुलै २०१०, व्हिएन्ना. कुराईशा अब्दुल करीम आणि सलीम अब्दुल करीम या दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञ दांपत्याने कॅप्रिसा ००४ या ट्रायलचा निकाल सांगितला. ८८९ बायका होत्या. संबंधाआधीच्या बारा तासांत एकदा आणि नंतरच्या बारा तासांत एकदा जेल लावायचं. लागण ३९ टक्क्यांनी कमी! ज्यांनी नेमाने वापरलं त्यांच्यात ५४ टक्क्यांनी. वीस वर्षांत पहिल्यांदा बाईच्या हातातलं काहीतरी चाललं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आता जो भाग येतो तो वाचून मी खरोखर खुर्चीत सरळ बसले.

निकाल पक्का करायला आणखी मोठी ट्रायल झाली, तिचं नाव व्हॉईस. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायका. कुणाला रोज गोळी, कुणाला रोज जेल. बायका दर महिन्याला यायच्या, रिकामी पाकिटं परत करायच्या, ‘वापरलं’ म्हणून सांगायच्या. हिशोब केला तर वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास. २०१३ मध्ये निकाल आला: गोळीचा उपयोग नाही, जेलचाही नाही. असं कसं? मग साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. औषध सापडलं तीस टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत!

आता प्रामाणिकपणे सांगा, हे आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही? लॅबमध्ये आपण काय करतो? आधी ग्राफ काढतो, मग त्यावरून रीडिंग लिहितो. एरर दोन टक्के, सरांची सही, विषय संपला. जर्नल सुंदर आणि एक्सपेरिमेंट झालेलाच नाही. व्हॉईसमध्ये हेच झालं होतं, फक्त पाच हजार बायकांच्या आणि खूप पैशांच्या पातळीवर.

पण आपण रीडिंग जुळवतो आळसापोटी. त्यांनी का जुळवली? नंतर संशोधक त्यांच्याशी शांतपणे बसून बोलले, तेव्हा कारणं बाहेर आली. औषधाची भीती वाटत होती. निरोगी असताना रोज गोळी कशाला, असं वाटत होतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे ही औषधं एचआयव्हीच्या उपचाराची म्हणून गावात ओळखीची होती. घरात डबी दिसली की शेजारीण म्हणणार, ‘हिला झालाय वाटतं!’ आजार होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाने आजाराचा शिक्का बसणार, तर कोण घेईल? २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फॅक्ट्स ००१ या ट्रायलनेही टेनोफोविर जेलला नापास केलं. त्यातल्या बहुतेक मुली तरुण, लग्न न झालेल्या, आई-वडिलांच्या घरात राहणाऱ्या होत्या. जेल आणि ते लावायच्या नळ्या ठेवायच्या कुठे? लावायचं कुठे? आपल्या थ्री-सीटर रूममध्ये मॅगीचं पाकीट लपवता येत नाही, हे आठवून बघा.

इथे मला एक चूक दिसली, आणि ती केमिस्ट्रीची नव्हती. ‘बाईच्या हातातला उपाय’ म्हणताना सगळ्यांनी बाईचा हात तेवढा बघितला. ती ज्या घरात राहते ते घर बघितलं नाही. कुलूपबंद कपाट, एकटीची खोली, रोजची ठरावीक वेळ, विचारपूस न करणारी माणसं हे सगळं त्या डिझाईनमध्ये गृहीत धरलं होतं. आपण प्रॉब्लेम सोडवताना ‘असूम नो फ्रिक्शन’ लिहितो ना, तसंच.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो मला जास्त विचारात पाडतो. केनिया आणि युगांडामध्ये साधारण ४,७०० जोडप्यांची पार्टनर्स प्रेप नावाची ट्रायल झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, आणि दोघांनाही हे माहीत. निरोगी जोडीदाराला रोज गोळी. २०१२ मध्ये छापलेल्या निकालात लागण ६७ ते ७५ टक्क्यांनी कमी झाली होती, बायकांमध्येसुद्धा. व्हॉईसमध्ये नापास झालेल्या गोळ्या इथे पास! फरक एवढाच की इथे गोळी लपवायची नव्हती. ‘घेतलीस का गं आज?’ असं विचारणारं घरात कुणीतरी होतं. म्हणजे लपवता येणं ही सोय आहे खरी, पण लपवावं न लागणं त्याहून मोठी सोय आहे. ती कुठल्याही कंपनीला बनवता येत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. मी केमिकलची, तेव्हा थोडं सहन करा.

रोज आठवण ठेवायची गरज नाही आणि कपाटात काही ठेवायचं नाही, अशी वस्तू हवी असेल तर औषध शरीरातच ठेवलं पाहिजे आणि ते हळूहळू सुटलं पाहिजे. यातून आली डॅपिविरिनची रिंग. सिलिकॉनची, बोटांनी दाबता येईल अशी लवचिक. बाई स्वतःच ती आत बसवते, महिनाभर ठेवते, मग बदलते. रिंगमध्ये २५ मिलिग्रॅम औषध सिलिकॉनमध्ये सगळीकडे मिसळलेलं असतं. ट्रंकेतली डांबरगोळी आठवा, थोडी थोडी उडून जाते आणि सहा महिने कपडे सांभाळते. इथे औषध सिलिकॉनमधून वाट काढत पृष्ठभागाशी येतं आणि तिथून अस्तरात जातं. पृष्ठभागाजवळचं आधी निघून जातं, मग आतल्याला जास्त अंतर चालावं लागतं, म्हणून वेग कमी कमी होत जातो. १९६१ मध्ये हिगुची यांनी मलमांसाठी याचं गणित मांडलं होतं: सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट वेळ दिला तर दुप्पट औषध! मास ट्रान्सफरच्या पेपरात हे डेरिव्हेशन मी पाठ करून लिहिलं होतं आणि ते कशासाठी असतं हे मला माहीत नव्हतं.

महिन्याभरात रिंगेतून साधारण ४ मिलिग्रॅमच बाहेर पडतं. उरलेले २१ आतच राहतात. वाया गेले? नाही. ते आत आहेत म्हणून तर ४ बाहेर ढकलले जातात. उतार नसेल तर पाणी वाहत नाही, तसंच आहे हे. आणि औषध जिथे हवं तिथेच मुख्यतः राहतं, रक्तात फार थोडं जातं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बोस्टनला दोन ट्रायलचे निकाल एकदम आले. ॲस्पायरमध्ये २,६२९ बायका होत्या. प्लासिबो रिंगवाल्या ९७ जणींना लागण झाली, औषधवाल्या ७१ जणींना, म्हणजे २७ टक्के कमी. दुसरीत ३१ टक्के कमी. खूप नाही ना? मलाही तसंच वाटलं. पण वयाप्रमाणे फोड केली तर एकवीसच्या वरच्या बायकांत ५६ टक्के कमी, आणि अठरा ते एकवीसच्या मुलींत जवळपास शून्य. म्हणजे आपल्या वयाच्या! त्या मुली रिंग काढून ठेवत होत्या. क्लिनिकला यायच्या आधी परत बसवत असतील. (जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या कॉरिडॉरमध्ये जे चालतं ते मी इथे लिहीत नाही.) नंतर सोळा ते एकवीस वयाच्या मुलींसोबत रीच नावाचा अभ्यास झाला. त्यात त्यांना गोळी आणि रिंग दोन्ही वापरून बघायला दिली, मग ‘तुला काय हवं?’ असं विचारलं, आणि अडचणी ऐकून घ्यायला माणसं ठेवली. तेव्हा त्याच वयाच्या मुलींनी बऱ्यापैकी नेमाने वापर केला. निवड करायला सांगितल्यावर दोन तृतीयांश मुलींनी रिंग घेतली. जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिंगची शिफारस केली. रिंगने गर्भ राहायचा थांबत नाही आणि इतर गुप्तरोगही टळत नाहीत. मूल हवं असलेल्या बाईसाठी यातली पहिली गोष्ट म्हणजे तोटा नाहीच.

मग इंजेक्शनं आली. दोन महिन्यांनी एकदा घ्यायचं कॅबोटेग्राविर रोजच्या गोळीपेक्षा इतकं चांगलं ठरलं की २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बायकांवरची ती ट्रायल मुदतीआधीच थांबवली. लागण गोळीवाल्यांपेक्षा ८९ टक्के कमी.

आणि २०२४ च्या जूनमध्ये लेनाकापाविर. हे औषध व्हायरसच्या आतल्या प्रथिनांच्या कवचावर काम करतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. साधारणपणे औषधाचा हा दोष मानतात, इथे तोच गुण झाला! पोटाच्या कातडीखाली टोचलं की तिथे साठा होतो आणि तो सहा महिने झिरपत राहतो. सुरुवातीला दोन दिवस गोळ्या, पुढे वर्षाला दोनदा टोचून घ्यायचं, बास. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वर्षांच्या पाच हजारांवर मुलींमध्ये पर्पज १ ही ट्रायल झाली. लेनाकापाविर मिळालेल्या २,१३४ जणींमध्ये लागण किती? शून्य. मी तो तक्ता तीनदा वाचला. त्याच ट्रायलमध्ये रोजच्या गोळ्या मिळालेल्या दोन गटांत १६ आणि ३९ जणींना लागण झाली, कारण गोळ्या फारशा घेतल्याच गेल्या नव्हत्या. त्याच देशांतल्या, त्याच वयाच्या मुली. बदलली होती ती वस्तू, आणि ती घरात लपवावी लागत नव्हती.

अडचणी आहेत. टोचल्या जागी गाठ येते. मध्येच सोडलं तर औषध महिनोन् महिने थोडं थोडं उरतं, आणि त्या काळात लागण झाली तर व्हायरस औषधाला सरावू शकतो. आणि पैसा! जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा तिथली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर होती. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्यांसोबत करार जाहीर झाले, २०२७ पासून १२० देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये द्यायचं म्हणून. म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये. २८ हजार डॉलरची वस्तू ४० ला बनवणं हेसुद्धा इंजिनिअरिंगच आहे, आणि ते काम आपल्या शेजारच्या राज्यात होणार आहे. प्लेसमेंटवाल्यांनी नोंद घ्यावी.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी एका रविवारी दुपारी मावशींकडे गेले. त्या संध्याकाळच्या भाजीसाठी कांदा चिरत होत्या. मी समोर बसून दुसरी सुरी घेतली आणि जमेल तसं सांगितलं. रिंगचं सांगितलं, इंजेक्शनचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण गेली यानं. २००४ ला. नवरा आधी गेला. त्याला काय झालंय ते तिला ठाव होतं, पर तो म्हणायचा, तुझ्याच घरात असून मी रबर लावू व्हय?”

मला काय बोलावं कळेना. कांद्यामुळे एक बरं झालं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “सहा महिन्यातनं एकदा सुई?”

“हो.”

“आन् घरी कुणाला कळत नाय?”

“नाही. पण मावशी, दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जावं तर लागेल. घरी काय सांगणार?”

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की, एवढं शिकून पोरीला एवढंही कळत नाही. “बीपी तपासायला चाललेय म्हणायचं,” त्या म्हणाल्या आणि चिरलेला कांदा परातीत सारून उठल्या.